आंतरभारती : दर्शन, सहवास आणि श्रम

मराठीच्या वर्गात साने गुरुजींचा विषय निघाला की बोलणे 'श्यामची आई'पाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. 'भाबडे', 'बोधवादी', 'अश्रूंचे लेखक' ही विशेषणे ठरलेली असतात. आम्ही विद्यार्थी असताना ती उत्तरपत्रिकांत लिहिली आणि पुढे शिकवू लागल्यावर फळ्यावरही लिहिली. गुरुजींच्या वाङ्मयाचा गुणदोषविचार करताना ती अगदीच निराधार आहेत असे नाही. पण त्यांच्या आड गुरुजींची एक कल्पना दिसेनाशी झाली, याची रुखरुख आम्हांला अलीकडे वाटू लागली आहे. ती कल्पना म्हणजे 'आंतरभारती'. तिची मांडणी १९४९ साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनात झाली. राजकीय परिषदेत किंवा सेवकांच्या मेळाव्यात न होता ती साहित्यिकांसमोर झाली, आणि तरीही वाङ्मयेतिहासाने तिला समाजकार्याच्या खात्यावर टाकून दिले. तरुणांनी दुसऱ्या प्रांतात जावे, तिथली भाषा शिकावी, तिथल्या माणसांबरोबर राहावे आणि राबावे, हा तिचा गाभा. या कल्पनेचे पुढे काय झाले, ती कोणत्या रूपांत टिकली आणि कुठे पातळ झाली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

या कल्पनेचे मूळ तुरुंगात आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील शिक्षकाची नोकरी सोडून गुरुजी १९३० च्या कायदेभंगात उतरले. शिक्षा झाल्यावर आधी धुळ्याच्या आणि मग त्रिचनापल्लीच्या, म्हणजे आजच्या तिरुचिरापल्लीच्या, तुरुंगात त्यांची रवानगी झाली. तिथे दक्षिणेतल्या निरनिराळ्या भाषांचे सत्याग्रही एकत्र होते. ज्या सरकारला हा देश एकत्र यायला नको होता त्याच सरकारच्या भिंतींनी तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि मराठी माणसांना एका पंक्तीला बसवले, हा इतिहासाचा विनोदच. त्या वेळी गुरुजी तिशीत होते. आपल्या शेजारी बसलेल्या माणसाची भाषा आपल्याला येत नाही, याची त्यांना लाज वाटली. या लाजेतून त्यांनी तमिळशी ओळख करून घेतली आणि १,३३० कुरळांचा तो प्राचीन ग्रंथ, 'तिरुक्कुरळ', मराठीत आणण्याचे काम हाती घेतले.

गुरुजींच्या भाषांतरांकडे या दृष्टीने पाहिले की त्यांची संगती लागते. टॉलस्टॉयचे कलाविषयक चिंतन, रवींद्रनाथांची 'साधना', बंगालमधील थोर पुरुषांची चरित्रे, 'इस्लामी संस्कृती'सारखे पुस्तक, हा पसारा वरवर पाहता विस्कळीत वाटतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तीही गुरुजींनीच उतरून घेतली. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या हातांनी लिहून काढणे हा त्यांच्या लेखी सेवेचाच प्रकार होता. स्वतःच्या प्रतिभेविषयी फारसा अहंकार नसलेला लेखकच असे करू शकतो. समीक्षेने या निरहंकारितेला सामान्यपणा मानले. तो आमच्या परंपरेतला एक उतावळा निर्णय होता, असे आम्हांला आता वाटते.

तरुणांच्या नेतृत्वाचा विचारही गुरुजींकडे तुरुंगापूर्वीच, अमळनेरच्या वसतिगृहात, सुरू झाला होता. तिथे ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक मुलांसाठी काढत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. मुलांच्या खोल्या झाडणारा, त्यांचे कपडे धुणारा हा गृहपती होता. शिस्त लावायची तर ती आज्ञेने लावता येत नाही. आपण झाडू हातात घ्यावा, म्हणजे मुले तो आपल्या हातून काढून घेतात, ही त्यांची रीत. नेतृत्वाचा अर्थ पुढे उभे राहणे असा न करता आधी वाकणे असा करणारी ही रीत पुढच्या साऱ्या शिबिरांच्या मुळाशी आहे.

४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. दलप्रमुख एस. एम. जोशी तेव्हा चाळिशीच्याही आत होते आणि शाखा चालवणारी मुले तर शाळा-कॉलेजांतली. मुलगे आणि मुली एकत्र खेळतात, एकत्र गातात, जातीची चौकशी कुणी करीत नाही, ही त्या काळच्या गावांत साधी गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी 'चले जाव'च्या लढ्यात ही मुले भूमिगत कामांत शिरली. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते सेवा दलाचे कलापथक. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषणाचा निश्चय केला तो १९४६ च्या अखेरीस. प्रत्यक्ष उपोषण सुरू झाले १ मे १९४७ रोजी आणि सुटले १० मे रोजी. मधले महिने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले आणि त्यांच्याबरोबर कलापथकातली तरुण मुले हिंडली. त्यांच्या गाण्यांनी आणि गुरुजींच्या भाषणांनी अनेक गावांतली मंदिरे आणि पाणवठे खुले झाले.

'सांस्कृतिक देवाणघेवाण' म्हटले की आपल्याला दोन देश किंवा निदान दोन प्रांत आठवतात. कलापथकाच्या या दौऱ्याने दाखवले ते वेगळेच. गावाची वेस आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांच्यामधले अंतर पुणे आणि मदुराई यांच्यातल्या अंतरापेक्षा कमी नव्हते. एकाच भाषेत बोलणारी माणसे एकमेकांच्या घरचे पाणी पीत नव्हती. तेव्हा 'आंतर' या उपसर्गाचा पहिला अर्थ घराच्या उंबरठ्यापाशीच शोधावा लागतो. जातीच्या प्रश्नाला हात न घालता प्रांताप्रांतांच्या मैत्रीची गाणी म्हणणे सोपे असते. गुरुजींनी क्रम चुकवला नाही : आधी पंढरपूर, मग आंतरभारती.

आंतरभारतीची प्रेरणा रवींद्रनाथांच्या विश्वभारतीची, हे नावावरूनच कळते. विश्वभारतीची स्थापना १९२१ ची. सारे विश्व जिथे एका घरट्यात नांदेल असे ते स्वप्न. गुरुजींचे म्हणणे असे, की विश्वाशी नाते जोडण्याआधी शेजारच्या प्रांताशी तरी जोडावे. रवींद्रनाथ वाचायला आपल्याला इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो आणि कन्नड कवीचे तर नावही ठाऊक नसते, ही त्यांची खंत होती. प्रांतोप्रांतीच्या भाषा जिथे शिकता येतील, तिथले साहित्य आणि कला जिथे अभ्यासता येतील, अशी संस्था त्यांना उभारायची होती. संमेलनानंतर ते त्यासाठी निधी गोळा करू लागले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. संस्था त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली नाही. 'साधना' साप्ताहिकाने, आणि विशेषतः यदुनाथ थत्ते यांनी, हा विचार जागता ठेवला. आंतरभारतीच्या नावाने पुढे शाळा निघाल्या, शिबिरे भरली. पण भाषा शिकवणारे ते मोठे विद्यापीठ मात्र झाले नाही.

याच सुमारास इतिहासाने एक गुंतागुंत उभी केली. भाषावार प्रांतरचनेची मागणी जोर धरू लागली आणि सेवा दलाचे एस. एम. संयुक्त महाराष्ट्र समितीचे नेते झाले. १ मे १९६० ला मराठी राज्य आले. आपली भाषा राज्यकारभारात यावी ही मागणी न्याय्य होती आणि शेजाऱ्याची भाषा शिकावी ही आकांक्षाही तितकीच खरी होती. तत्त्वतः दोहोंत विरोध नाही. आपल्या घरात सुखाने बसलेला माणूसच पाहुण्याला मोकळेपणाने बोलावतो, असे म्हणता येते. व्यवहारात मात्र घर मिळाल्यावर आम्ही दारे लावून घेतली. बेळगावचा प्रश्न चिघळत राहिला, आणि सीमेच्या अलीकडच्या मराठी वर्गांतून कन्नडचा 'क' कधी ऐकू आला नाही. भाषेच्या अभिमानाचे राजकारण यशस्वी झाले. भाषेच्या आतिथ्याचे काम मूठभर शिबिरांवर सोडले गेले.

शिबिर या रूपाविषयी थोडे. श्रमदानाचे शिबिर आपल्याकडे इतके रुळले आहे, की ते गांधींच्या विधायक कार्यक्रमातूनच जन्मले असे वाटते. पण त्याची एक शाखा युरोपच्या उद्ध्वस्त भूमीत उगवली आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, पिएर सेरेझोल या स्विस शांतिवाद्याने व्हर्दूनजवळच्या एन नावाच्या खेड्यात काही तरुण गोळा केले. लढाईत पडलेली घरे पुन्हा उभारायची आणि ती कालच्या शत्रूंनी एकत्र येऊन उभारायची, अशी ती कल्पना. जर्मन तरुणांनी फ्रेंच घरांच्या विटा रचाव्यात! पण जर्मनांच्या उपस्थितीला विरोध झाला आणि काही महिन्यांतच ते शिबिर आवरावे लागले. हेच सेरेझोल १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर हिंदुस्थानात आले आणि भूकंपग्रस्तांसाठी घरे बांधण्याच्या कामात सहकाऱ्यांसह राबले. त्यांच्या कामाचा आणि महाराष्ट्रातल्या शिबिरांचा थेट वारसा सांगण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते एनचे अपयश. सेवा करायला आलेल्याला गावाने 'नको' म्हणावे, आणि त्या नकारालाही अर्थ असावा. ज्यांची घरे पडली त्यांच्या मनाची तयारी झाली आहे का, हे विचारण्याआधीच आपण विटा उचलल्या, तर तो उपकार गावाला जड होतो. शिबिरांच्या गौरवकथांत हा धडा फारसा येत नाही.

१९६० नंतर शिबिरांना बहर आला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्यात ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. त्याच्या दोन वर्षे आधी, १९६७ मध्ये, बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली होती. दोहोंतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. सरकारी योजनेत विद्यार्थी गावात 'देण्यासाठी' जातो आणि त्याला प्रमाणपत्र मिळते. सोमनाथला तरुण ज्यांच्या शेजारी उभा राहून कुदळ मारीत होता ती माणसे कुष्ठरोगातून बरी झालेली होती. बोटे झडलेल्या हातांनी त्यांनी जमीन लागवडीखाली आणली होती. शहरातून आलेला धडधाकट मुलगा दुपारपर्यंत दमून बसे आणि ते हात थांबत नसत. कोण कुणाची सेवा करतो, हा प्रश्न तिथे आपोआप उलटा होत असे. 'ज्वाला आणि फुले' लिहिणाऱ्या कवीने ही छावणीही एखाद्या कवितेसारखी रचली, असे म्हणावेसे वाटते. तिच्यातही प्रतिमा एकच आणि तिचा आघात सरळ.

डिसेंबर १९८५ मध्ये 'भारत जोडो'ची सायकलयात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. मागच्याच वर्षी पंजाब होरपळला होता आणि दिल्लीत शिखांची कत्तल झाली होती. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना कण्याच्या विकारामुळे बसता येत नव्हते. वाहनात आडवे पडून ते बरोबर होते. सुमारे ५,००० किलोमीटरांचा रस्ता शंभराहून अधिक तरुणांनी सायकलीवर तोडला. १९८८ मध्ये दुसरी यात्रा अरुणाचलातल्या इटानगरहून निघून गुजरातच्या ओख्यापर्यंत गेली. हा पल्ला ७,५०० किलोमीटरांच्या घरात होता.

मराठी वाचकाला या वाटेवर एक पूर्वज आठवल्याशिवाय राहत नाही. नामदेव पंजाबात गेले, तिथल्या लोकांच्या बोलीत गायले, आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली. सातशे वर्षांपूर्वीच्या या यात्रेकरूने पंजाबला विठ्ठल 'दाखवला' नाही. तो तिथे राहिला आणि त्याची वाणी तिथली झाली. २०१५ मध्ये घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. सोहळा देखणा झाला. पण तीन-चार दिवसांत परतलेल्या आम्हा साहित्यप्रेमींपैकी किती जण गुरुमुखी अक्षरे लावू लागले? नामदेव राहिले, आम्ही पाहून आलो.

'दर्शन' हा आमच्या भाषेतला मोठा शब्द आहे आणि त्याची मर्यादाही मोठी आहे. सेवा दलाच्या कलापथकाने 'महाराष्ट्र दर्शन' आणि 'भारत दर्शन' असे रंगमंचीय कार्यक्रम केले. वसंत बापटांसारखा कवी त्यांच्यामागे होता. त्यांनी हजारो प्रेक्षकांना इतर प्रांतांची लोकनृत्ये आणि गीते दाखवली, त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. तरीही दर्शनात पाहणारा आणि पाहिला जाणारा वेगळे राहतात. अलीकडे राज्याराज्यांच्या जोड्या लावून देवाणघेवाण घडवण्याचे सरकारी उपक्रम झाले. 'एक भारत श्रेष्ठ भारत'मध्ये महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी ठरली. कॉलेजांच्या सभागृहांत ओडिया वेशभूषेतली मराठी मुले नाचली आणि छायाचित्रे निघाली. फकीरमोहन सेनापतींची एखादी कथा मात्र त्या निमित्ताने आमच्या वर्गांत वाचली गेल्याचे आम्हांला आठवत नाही.

दर्शनाच्या पुढची पायरी सहवासाची आणि सहवासाला टिकवणारी पायरी श्रमाची. गाण्याची पायरीही कमी लेखू नये. बेंगळुरूत जन्मलेले आणि चंबळच्या खोऱ्यात काम केलेले एस. एन. सुब्बराव, ज्यांना सारे 'भाईजी' म्हणत आणि जे २०२१ मध्ये निवर्तले, त्यांच्या शिबिरांत मुले अठरा भाषांतली गाणी म्हणत. परक्या भाषेतले गाणे तोंडात बसवताना तिचे उच्चार जिभेला ओळखीचे होतात, तिचे हसू येईनासे होते. पण गाणे पाठ होणे आणि बोलता येणे यांत अंतर आहे. बहुतेक शिबिरांचा व्यवहार मोडक्यातोडक्या हिंदीत चालला, आणि ज्यांची हिंदी बरी तेच पुढे आले. तमिळ किंवा मिझो मुलगा घमेले उचलायला सर्वांत पुढे आणि रात्रीच्या चर्चेत सर्वांत मागे, असे चित्र शिबिरांत वारंवार दिसले. मुलींची संख्या कमी राहिली, कारण दहा दिवस घराबाहेर पाठवायला घर तयार नसे. मजुरी बुडवून श्रमदानाला येणे ज्याला परवडत नाही, तो या इतिहासात 'लाभार्थी' म्हणूनच येतो.

आणि तरुणांचे नेतृत्व? या लेखातली नावे पुन्हा वाचली तर आम्हीही तीच चूक केल्याचे दिसेल. साने गुरुजी, एस. एम., बाबा, भाईजी. सायकली ज्यांनी हाकल्या त्यांचे एकही नाव इथे नाही. ही तरुण माणसे रोज कुठल्या गावी थांबायचे, कुणाशी बोलायचे, आजारी पडलेल्याला कुठे न्यायचे, भांडण झाले तर ते कसे मिटवायचे, हे ठरवीत होती. नेतृत्व प्रत्यक्षात त्यांचे होते; इतिहास मात्र वडीलधाऱ्यांच्या नावाने लिहिला गेला. याला वडीलधारे जबाबदार नाहीत. आपल्याकडे चरित्र आणि गौरवग्रंथ हे प्रकार समृद्ध आहेत, शिबिराच्या वहीला मात्र वाङ्मयप्रकाराची प्रतिष्ठा नाही, हे त्याचे कारण आहे.

आमच्यापैकी एकाने विद्यार्थिदशेतली अशी वही जपून ठेवली आहे. सीमेपलीकडच्या एका गावात तलावाचा गाळ काढण्याचे शिबिर होते. पहिल्या पानावर देशाच्या एकात्मतेविषयी भाषणातून उतरवलेली भारदस्त वाक्ये आहेत. ती आज वाचवत नाहीत. तिसऱ्या दिवसापासून पानाच्या कडेला कन्नड शब्द दिसू लागतात : नीरु म्हणजे पाणी, साकु म्हणजे पुरे, निधान म्हणजे हळू. गाळाने भरलेले घमेले हातोहात देताना लागणारे हे शब्द. शेवटच्या पानावर ज्या घरी जेवण होते तिथल्या आजींचे एक वाक्य देवनागरीत लिहिले आहे आणि त्याखाली 'अर्थ विचारायचा राहिला' अशी नोंद आहे. पुढे अर्थ कळला की नाही, हे वही सांगत नाही. पण तो विचारायचा राहिला हे त्या मुलाला टोचले आणि त्याने ते लिहून ठेवले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात गुरुजींना वाटलेली लाज ती हीच.

साहित्याच्या विभागांनी करण्याजोगे काम इथे आहे आणि त्याला फार मोठा निधी लागत नाही. सेवा दलाच्या, सोमनाथच्या, 'भारत जोडो'च्या शिबिरार्थींच्या वह्या, पत्रे, हस्तलिखित अंक अजून माळ्यांवर आणि ट्रंकांत पडून असतील. त्यांचे लेखक आता साठी-सत्तरीत आहेत. ते कागद मिळवावेत, वाचावेत, त्यांना वाङ्मयेतिहासाची साधने मानावीत. आणि एखाद्या तरी मराठी विभागात शेजारची एक भाषा, मग ती कन्नड असो, तेलुगू असो किंवा गोंडी असो, तिच्या बोलणाऱ्यांकडूनच शिकण्याची सोय व्हावी. १९४९ च्या संमेलनात गुरुजींनी साहित्यिकांपुढे मांडलेले मागणे इतकेच होते. ते मागणे आमच्यापुढे होते, हे आम्ही सोयिस्करपणे विसरलो. त्या वहीतल्या वाक्याचा अर्थ विचारायला पुन्हा त्या गावी जावे, असे आमचे गेली काही वर्षे ठरते आहे.